लॅपटॉपला इंटरनेट मिळत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"लॅपटॉपवर नेट चालत नाही" ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्या पोटात अनेक निरनिराळे बिघाड दडलेले असतात. लॅपटॉपमधील वायफाय कार्ड, तिथून राउटरपर्यंतचा बिनतारी दुवा, राउटरने द्यावयाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा आकडी पत्ता), राउटरपासून सेवा पुरवणाऱ्या कंपनीपर्यंतची तार, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा आणि शेवटी ब्राउझर अशी ही साखळी आहे. तिची कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच असतो. म्हणून पुढील उत्तरांत उपायांच्या यादीपेक्षा कोणती कडी निखळली हे शोधण्यावर अधिक भर दिला आहे. एका वेळी एकच बदल करावा, ही सुरुवातीलाच विनंती. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर नेट कदाचित सुरू होईल, पण कशाने सुरू झाले ते कळणार नाही, आणि आठवड्याभराने तोच बिघाड परतला की पुन्हा दहाही गोष्टी कराव्या लागतील.

प्रश्न: सर्वांत आधी काय तपासावे?

दोन चाचण्या कराव्यात. दोन्ही मिळून पाच मिनिटे पुरतात. पहिली, त्याच वायफायवर दुसरे एखादे उपकरण जोडून त्यावर नेट चालते का ते पाहावे. दुसरी, आपला लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. दुसऱ्या उपकरणावरही नेट नसेल, तर दोष राउटरचा किंवा त्यापलीकडचा आहे आणि लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये हात घालण्याचे कारण नाही. हॉटस्पॉटवर लॅपटॉप व्यवस्थित चालत असेल, तर त्याचे वायफाय कार्ड, ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवू देणारा प्रोग्रॅम) आणि ब्राउझर ठीक आहेत, आणि शोध लॅपटॉप व राउटर यांच्यातील व्यवहारापुरता उरतो.

पहिल्या चाचणीत एक फसगत हमखास होते. मोबाइलवर वायफायचे चिन्ह दिसत असते, नेटही चालत असते, पण वायफायवर इंटरनेट नाही हे ओळखून फोनने गुपचूप मोबाइल डेटा वापरायला सुरुवात केलेली असते. त्यामुळे ही चाचणी करताना फोनचा मोबाइल डेटा बंद करावा. नाहीतर निर्दोष लॅपटॉपवर तासभर आरोप होत राहतो.

प्रश्न: वायफाय नेटवर्कची यादीच दिसत नाही, किंवा वायफायचे बटणच गायब आहे. असे का होते?

यादी रिकामी असेल, तर आधी एअरप्लेन मोड बंद असल्याची खात्री करावी. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन कळीसोबत वरच्या ओळीतील एखादी कळ दाबली की वायफाय बंद होते, आणि कीबोर्ड पुसताना ती नकळत दाबली जाते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला यासाठी सरकवायचा छोटा खटकाही असे.

बटणच गायब असेल, तर विंडोजला वायफाय कार्ड सापडलेले नाही. अशा वेळी आधी लॅपटॉप "रीस्टार्ट" करावा. "शट डाउन" करून पुन्हा चालू करणे ही तीच गोष्ट नव्हे. "फास्ट स्टार्टअप" ही सोय चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेल्याच अवस्थेत परत येतो. रीस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने सुरू होते. "मी तर चार वेळा बंद-चालू केला" असे सांगणाऱ्याने बहुधा चारही वेळा शट डाउनच केलेले असते.

तरीही कार्ड दिसत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून "नेटवर्क अडॅप्टर्स" या शीर्षकाखाली पाहावे. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर दोष ड्रायव्हरमध्ये असण्याचा संभव जास्त. चिन्हावर खाली जाणारा बाण असेल, तर कार्ड कोणीतरी बंद केले आहे, ते राइट क्लिक करून पुन्हा चालू करता येते. नावच नसेल, तर शंका हार्डवेअरकडे जाते. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न: ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट लागते आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो. हा पेच कसा सोडवावा?

मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करावे. अँड्रॉइड फोन असल्यास विंडोज त्याला केबलने जोडलेले नेटवर्क समजते, आणि वायफाय कार्ड मृतवत असले तरी नेट मिळते. ड्रायव्हर मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आपल्या मॉडेलचा नेमका क्रमांक पाहून घ्यावा. "सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर" असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमांपासून दूर राहिलेले बरे.

प्रश्न: शेजारपाजारची सर्व वायफाय नावे दिसतात, फक्त आमचेच दिसत नाही.

राउटर बहुधा लहरींच्या दोन पट्ट्यांवर प्रक्षेपण करतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नेटवर्क केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल आणि लॅपटॉप जुना असेल, तर त्याला ते दिसतच नाही. दुसरी शक्यता चॅनेलची, म्हणजे पट्ट्याच्या क्रमांक दिलेल्या उपभागाची. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात काही देशांत ११ पर्यंतच चॅनेल वापरता येतात, तर बऱ्याच देशांत १३ पर्यंत. राउटरने १२ किंवा १३ निवडला आणि लॅपटॉपचे कार्ड ११ पर्यंतच पाहणारे असेल, तर ते नेटवर्क त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. राउटरच्या सेटिंग्जमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ ठरवून द्यावा, प्रश्न मिटतो. नेटवर्कचे नाव लपवून ठेवलेले असेल, तर ते हाताने टाइप करूनच जोडावे लागते.

प्रश्न: पासवर्ड बरोबर आहे, तरी लॅपटॉप तो स्वीकारत नाही.

पासवर्ड टाइप करताना डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे उघड पाहावीत. कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो, किंवा कीबोर्डची भाषा बदललेली असते. त्यानंतर जतन केलेले नेटवर्क "फर्गेट" करून नव्याने जोडावे, कारण राउटरचा पासवर्ड बदलला तरी लॅपटॉप काही वेळा जुनाच पुढे करत राहतो. एवढ्याने भागले नाही, तर राउटरची सुरक्षा पद्धत पाहावी. ती केवळ डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेली असेल आणि लॅपटॉपला ती येत नसेल, तर जोडणी होत नाही. ही पद्धत २०१८ मध्ये आली, त्याआधीच्या लॅपटॉपना ती येत असेलच असे नाही. डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ अशी मिश्र निवड ठेवल्यास दोन्ही पिढ्यांची सोय होते.

प्रश्न: वायफाय जोडलेले दिसते, पण खाली "नो इंटरनेट" असे येते. आता काय करावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि येथे अंदाजापेक्षा मोजणी उपयोगी पडते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग" ही आज्ञा रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावी. येणाऱ्या मजकुरात "वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय" हे शीर्षक शोधावे आणि त्याखालील दोनच ओळी वाचाव्यात: "आयपीव्ही४ ॲड्रेस" (लॅपटॉपचा पत्ता) आणि "डिफॉल्ट गेटवे" (राउटरचा पत्ता).

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर निदान तिथेच झाले. राउटरकडे पत्ता मागूनही उत्तर न आल्यामुळे लॅपटॉपने स्वतःच स्वतःला दिलेला हा तात्पुरता पत्ता असतो आणि त्यावरून इंटरनेटला पोहोचता येत नाही. वायफायचे चिन्ह भरलेले दिसते, कारण बिनतारी दुवा खरोखरच जुळलेला असतो. पत्त्याची देवघेव मात्र झालेली नसते. अशा वेळी आधी राउटर बंद-चालू करावा. तेवढ्याने झाले नाही, तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये "आयपी असाइनमेंट" हे "ऑटोमॅटिक" आहे का ते पाहावे. राउटरकडे वाटण्यासाठी पत्त्यांचा ठरावीक साठा असतो आणि घरातील दिवे, टीव्ही, कॅमेरे सगळेच त्यातून पत्ता घेत असतील, तर साठा संपूही शकतो. राउटर पुन्हा सुरू केल्यावर काही दिवस ठीक चालून बिघाड परतत असेल, तर याच दिशेने पाहावे.

पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर राउटरने आपले काम केले आहे. मग एखाद्या पत्त्यावरून उत्तर येते का ते पाहणारी "पिंग" ही आज्ञा तीन टप्प्यांत वापरावी. प्रथम पिंग लिहून एक जागा सोडून डिफॉल्ट गेटवेचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१; मग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. (आकडे अर्थातच रोमन लिपीतील टाइप करावेत.) गेटवेकडूनच उत्तर नसेल, तर दोष लॅपटॉप व राउटर यांच्यामध्ये आहे, फक्त काही राउटर पिंगला उत्तर न देण्यासाठीच सेट केलेले असतात हे ध्यानात ठेवावे. गेटवेचे उत्तर येते, पण ८.८.८.८ चे येत नाही, असे असेल तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे बहुधा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या तारेत. दोन्ही आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर डीएनएस.

येथे एक खाचखळगा आहे. विंडोजमध्ये पिंग चार वेळा जाते आणि शेवटी किती टक्के पाकिटे (माहितीचे लहान तुकडे) हरवली तो हिशोब छापला जातो. तो शून्य टक्के दिसला म्हणून समाधान मानू नये. वरच्या चार ओळीही वाचाव्यात. त्यांत "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असे लिहिले असेल, तर ते उत्तर गेटवेचे नसून बहुतेक वेळा आपल्याच लॅपटॉपने "मला पोहोचता आले नाही" असे सांगितलेले असते, आणि विंडोज त्यालाही मिळालेले उत्तर म्हणून मोजते.

प्रश्न: डीएनएसचा दोष असल्यास उपाय काय?

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी ही यंत्रणा १९८३ पासून वापरात आहे. सहसा सेवा पुरवणाऱ्या कंपनीचाच डीएनएस सर्व्हर आपोआप मिळतो, आणि तो बंद पडला की संपूर्ण इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते. वायफायच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस "मॅन्युअल" करून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ द्यावा. लगेच साइट उघडू लागल्या, तर निदान पक्के झाले. लॅपटॉपने जुनी चुकीची उत्तरे साठवून ठेवली असतील, तर आयपीकॉन्फिग या आज्ञेपुढे जागा सोडून, तिरकी रेघ देऊन "फ्लशडीएनएस" लिहिल्यास तो साठा रिकामा होतो.

प्रश्न: नेट व्यवस्थित चालते, तरी विंडोज "नो इंटरनेट" का दाखवते?

नेट आहे की नाही हे ठरवण्यासाठी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरील एक लहानशी मजकूर-फाइल मागवून पाहते. व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्रॅम), जाहिराती अडवणारा डीएनएस किंवा फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) यांनी नेमकी तीच विनंती अडवली, तर बाकी सर्व सुरळीत असूनही चिन्ह तक्रार करत राहते.

प्रश्न: प्रत्येक साइटवर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा इशारा येतो. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला का?

व्हायरसच्या आधी घड्याळ पाहावे. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ती ग्राह्य आहेत याची मुदत असते, आणि ब्राउझर ती मुदत लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले, तर जगातील सर्व प्रमाणपत्रे "अजून सुरूच झालेली नाहीत" असे त्याला वाटते.

अनुभवाची गोष्ट म्हणून सांगतो. कपाटात दीर्घकाळ पडून राहिलेला एक लॅपटॉप काढला, राउटर दोनदा बंद-चालू केला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हरही बदलला, आणि तासाभराने नजर कोपऱ्यातल्या तारखेकडे गेली तेव्हा तिथे कित्येक वर्षांपूर्वीचा १ जानेवारी होता. पिंग मात्र सुरुवातीपासून उत्तम चालत होती, आणि तिथेच मला सुचायला हवे होते. तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही बरोबर लावावेत. लॅपटॉप बंद केल्यावर वेळ पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची छोटी बॅटरी संपली असावी.

प्रश्न: काही साइट उघडतात आणि काही उघडत नाहीत, असे का?

प्रथम व्हीपीएन पूर्णपणे बंद करून पाहावे. काही व्हीपीएनमध्ये "किल स्विच" असतो. जोडणी तुटली की तो सर्वच वाहतूक रोखतो आणि प्रोग्रॅम नुसता मिटवल्याने तो रोध उठत नाही. मग "प्रॉक्सी", म्हणजे मध्यस्थ सर्व्हरची सेटिंग पाहावी. आपण न लावलेला प्रॉक्सी तिथे चालू दिसला, तर तो बंद करावा आणि लॅपटॉपची व्हायरस तपासणीही करावी, कारण वाहतूक आपल्याकडे वळवून घेण्यासाठी घातक प्रोग्रॅम हीच जागा वापरतात.

याहून चकवणारा एक प्रकार आहे. साधी पाने उघडतात, पिंग चालते, पण मोठी पाने किंवा लॉगिन अर्ध्यावर अडकते. इथरनेटवर (केबलच्या नेटवर्कवर) एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई (नाव व पासवर्ड देऊन कंपनीशी जोडण्याच्या) पद्धतीच्या जोडणीत त्यातील ८ बाइट त्या पद्धतीच्याच वेष्टनाला लागतात आणि १४९२ उरतात. राउटरमध्ये ही "एमटीयू" संख्या चुकीची असेल, तर लहान पाकिटे निघून जातात आणि भरलेली पाकिटे वाटेत टाकून दिली जातात. व्हीपीएनच्या वेष्टनानेही हेच घडू शकते.

प्रश्न: हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायवर लॉगिनचे पान येतच नाही.

असे पान दाखवण्यासाठी ते नेटवर्क आपली पहिली विनंती मध्येच पकडून वळवते. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित साइटच्या बाबतीत ब्राउझर हे वळवणे नाकारतो. म्हणून व्हीपीएन आणि हाताने दिलेला डीएनएस तात्पुरता काढावा आणि ॲड्रेस बारमध्ये थेट गेटवेचा पत्ता टाकून पाहावा. लॉगिन झाल्यावर डीएनएस पूर्ववत करावा.

प्रश्न: लॅन केबल लावूनही नेट येत नाही.

पोर्टजवळचे दिवे लागतात का ते पाहावे. दिवाच नसेल, तर केबल, तिचे टोक किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी खराब आहे. केबलच्या टोकावरील प्लास्टिकची पातळ जीभ तुटलेली असेल, तर टोक आत बसल्यासारखे दिसते, पण हलकासा धक्का लागताच मागे सरकते. केबल बोटाने दाबून धरल्यावर दिवा लागत असेल, तर दुसरा पुरावा नको. केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली असेल, तर गिगाबिट जोडणी १०० मेगाबिटवर घसरू शकते आणि नेट "आहे, पण मंद" असे वाटत राहते.

प्रश्न: वायफाय मध्येच तुटते आणि पुन्हा जुळते.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच असे होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या "पॉवर मॅनेजमेंट" टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढावी. हा टॅब सर्वच लॅपटॉपवर दिसत नाही. मायक्रोवेव्ह चालू असतानाच तुटत असेल, तर कारण उघड आहे: मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय एकाच पट्ट्यात असतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हबसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करतो, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. डिस्क लावली की माऊस अडखळतो आणि वायफाय मंदावते, असे दिसल्यास ती लांब केबलने दूर ठेवावी किंवा ५ गिगाहर्ट्झवर जावे.

प्रश्न: राउटर रीस्टार्ट करणे आणि रीसेट करणे यांत फरक काय?

रीस्टार्ट म्हणजे वीज काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा देणे. रीसेट म्हणजे मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून बटण दाबून धरणे. त्याने वायफायचे नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेली जोडणीची माहिती सर्व पुसले जाते. ही माहिती हाताशी नसताना रीसेट केल्यास लहान बिघाडाचा मोठा होतो.

प्रश्न: विंडोजमधील "नेटवर्क रीसेट" केव्हा वापरावे?

हॉटस्पॉटवरही नेट नाही, ड्रायव्हर बदलून झाला, प्रॉक्सी-व्हीपीएन तपासून झाले, तेव्हाच. त्याने सर्व नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात आणि साठवलेले वायफाय पासवर्ड जातात. व्हीपीएन प्रोग्रॅमही पुन्हा बसवावा लागू शकतो. बिघाड विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधील "रोल बॅक ड्रायव्हर" करून पाहावे.

प्रश्न: सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करताना काय सांगावे?

केवळ "नेट बंद आहे" असे न सांगता किती उपकरणांवर बंद आहे, केबलने जोडल्यावरही बंद आहे का, गेटवेपर्यंत पिंग जाते का आणि उपकरणावरील कोणते दिवे कसे लागले आहेत ते सांगावे. फायबर जोडणीच्या उपकरणावर "एलओएस" असा दिवा असतो. तो लाल लागला असेल, तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही आणि फायबर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. हे एक वाक्य सांगितल्याने "लॅपटॉप रीस्टार्ट करून पाहा" या सल्ल्यात जाणारा वेळ वाचतो.

प्रश्न: वायफाय कार्डच खराब झाले आहे हे खात्रीने कसे ओळखावे?

पेन ड्राइव्हवरून लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीची एखादी लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारी) आवृत्ती सुरू करावी. डिस्कवरील विंडोजला त्याने धक्का लागत नाही. तिथे वायफाय चालले, तर कार्ड ठीक आहे आणि दोष विंडोजमध्ये. तिथेही कार्ड सापडले नाही, तर ते सैल झाले किंवा जळाले असावे. क्वचित त्या लिनक्सकडे त्या कार्डाचा ड्रायव्हरच नसतो, एवढी शक्यता धरून चालावी.

राउटरच्या शेजारी बसल्यावर पूर्ण रेंज आणि दुसऱ्या खोलीत गेल्यावर शून्य, असे लॅपटॉपची रॅम बदलल्यानंतर किंवा पंखा साफ केल्यानंतर सुरू झाले असेल, तर कार्ड बहुधा निर्दोष असते. कार्डावर बहुतेक वेळा एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक तारा मसुराच्या दाण्याहून लहान अशा पितळी बुंध्यांवर दाबून बसवलेल्या असतात, आणि त्याच अँटेनाच्या तारा असतात. झाकण उघडताना त्यांतील एखादी निसटते. लॅपटॉप बंद करून, बॅटरीची जोडणी काढून ती बुंध्यावर सरळ धरावी आणि नखाने दाबावी. नीट बसली की टक् असा हलका आवाज येतो.